मुरगळ, लचक आणि हरवलेला ‘स्नायू’

पावसाळ्यात पदपथावरच्या सैल फरशीवर पाय पडतो, घोटा आतल्या बाजूला वळतो आणि चालता माणूस मटकन खाली बसतो. भोवती चारजण जमतात. एकजण म्हणतो, ‘लचक भरली असेल.’ दुसरा म्हणतो, ‘पाय मुरगळलाय.’ तिसऱ्याच्या तोंडी हिंदीतला ‘मोच’ असतो. चौथा क्रिकेटच्या बातम्या नेमाने वाचणारा असतो. तो गंभीर चेहऱ्याने ‘लिगामेंट गेलं असणार’ असे जाहीर करतो. घरी पोहोचल्यावर आजी या साऱ्यांना बाजूला सारते आणि तेलाची वाटी गरम करायला घेते. सांधा एकच, दुखणेही एकच. पण प्रत्येकाचा शब्द वेगळा आणि त्या शब्दामागची समजूतही वेगळी. उपचार समजुतीनुसार होतात. म्हणून या शब्दांची कुळकथा केवळ भाषेच्या हौसेपुरती उरत नाही.

पिळाचे कुटुंब

‘मुरगळणे’ हे क्रियापद मराठीत दोन्ही अंगांनी चालते. ‘पाय मुरगळला’ म्हणताना ते अकर्मक असते. ‘मास्तरांनी कान मुरगळला’ म्हणताना सकर्मक होते. दोन्हींत सामाईक आहे तो पीळ. चुरगळणे आणि मुरगळणे या क्रियापदांची घडण एकसारखी दिसते. कागद चुरगळतो तेव्हा त्याचा चुरा होतो, कान मुरगळतो तेव्हा त्याला मुरड पडते.

ही मुरड मराठीच्या घराघरांत आहे. करंजीची कड हाताने दुमडून नक्षी करतात ती मुरड. नापसंती दाखवताना नाकाला पडते तीही मुरड. जुन्या मराठीत ‘मुरडणे’ म्हणजे मागे वळणे. पोटात पीळ पडून होणारा विकार तो मुरडा, आणि त्यावर बाळगुटीत उगाळली जाणारी, स्क्रूसारखे आटे असलेली शेंग ती मुरडशेंग. रोगाचे, औषधाचे आणि पक्वान्नाचे नाव एकाच कल्पनेवरून पडावे, हे भाषेच्या काटकसरीचे उत्तम उदाहरण म्हणता येईल. हिंदीतील मरोडना आणि गुजरातीतील मरडवुं ही याच कुटुंबातील भावंडे होत.

या घराण्याच्या शेजारीच ‘मोडणे’ आहे. त्याचे मूळ प्राकृतातील ‘मोडइ’ या रूपात सापडते आणि तेथे वळवणे व तोडणे असे दोन्ही अर्थ आढळतात. हिंदीने पहिला अर्थ ठेवला, मराठीने दुसरा. त्यामुळे हिंदीत रस्ता मुडतो आणि मराठीत हात मोडतो. मुंबईच्या एखाद्या रुग्णालयात हिंदीभाषक परिचारिकेने ‘घुटना मोडो’ असे सांगितले, तर गावाकडून आलेली म्हातारी दचकली तर नवल नाही. तरीही मराठीने जुना अर्थ अगदीच टाकून दिला नाही. कुणाच्या नावाने बोटे मोडली जातात तेव्हा बोटे शाबूत राहतात, फक्त वळतात. ‘अंग मोडून येणे’ यातही काही तुटत नाही.

सांध्याच्या दुखापतीला पिळण्यावरून नाव देणे ही केवळ मराठीची रीत नाही. फ्रेंच भाषेतील ‘आंतोर्स’ हा शब्द पिळणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. स्पॅनिश ‘तोर्सेदुरा’ही त्याच धातूचा. ग्रीक भाषेत ‘दिआस्त्रेम्मा’ म्हणतात, त्यातही वळणे हाच अर्थ आहे. इंग्रजी ‘स्प्रेन’च्या मुळाविषयी कोशकारांत एकमत नाही, पण पिळून काढणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. दक्षिणेत मात्र वेगळे घराणे आहे. कन्नडमध्ये ‘उळुकु’, मल्याळममध्ये ‘उळुक्कु’ आणि तमिळमध्ये ‘सुळुक्कु’ असे एकमेकांशी जुळणारे शब्द तेथे रूढ आहेत.

लचक आणि उसण

‘मुरगळ’ हालचालीचे वर्णन करते, तर ‘लचक’ क्षणाचे. मराठीत अचानक घडणाऱ्या क्रियांच्या शेवटी ‘क’ वारंवार ऐकू येतो. दचकणे, सटकणे, धडकणे, चमकणे ही क्रियापदे पाहावीत. यांत आवाज किंवा झटका जणू अक्षरांत उतरलेला असतो. लचकणे याच रांगेतले. हिंदीत मात्र ‘लचक’ हा कौतुकाचा शब्द आहे. लवणारी फांदी, नर्तकीची कंबर, बोलण्यातील मार्दव यांना तो शोभतो. मराठीतही कंबर लचकते, पण ऐकणाऱ्याला प्रसंगावरून ठरवावे लागते की हे नृत्य आहे की दुखणे. गुण आणि दोष यांतील अंतर किती थोडे आहे, हे या एका शब्दात दिसते. सांधा जेथवर लवतो तेथवर ती लवचीकता. त्यापलीकडे एक बोटभर गेला की ती लचक.

‘उसण’ ही या दोघींची मावशी. ती सहसा घोट्यात न भरता पाठीत, कमरेत किंवा मानेत भरते. बादली उचलताना, वाकून काही घेताना एकाएकी कळ येते आणि माणूस वाकल्या जागी थिजतो. येथे ‘भरणे’ हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. हुडहुडी भरते, कापरे भरते, लचक भरते, उसण भरते. देह हे भांडे आणि दुखणे हा त्यात बाहेरून शिरलेला ऐवज, अशी ही कल्पना आहे. जे भरले ते उतरवता आले पाहिजे. म्हणूनच उसण उतरवण्यासाठी पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याचा, पाय पाठीला लावून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात खेडोपाडी होती आणि शहरांतील चाळींतही पायाळूचा शोध घेतला जाई. कमरेची साधी उसण बहुतेक वेळा थोड्या दिवसांत आपोआप ओसरते. त्यामुळे श्रेय पायाळूला मिळत राहिले.

याच कोठारातील आणखी एक सुंदर शब्द म्हणजे ‘मुका मार’. जखम नाही, रक्त नाही. आत मात्र ठणका आहे. मार लागला, पण तो बोलत नाही. जेम्स मोल्सवर्थ यांच्या १८३१ साली प्रथम आणि १८५७ साली सुधारून निघालेल्या मराठी-इंग्रजी कोशापासून कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ सालच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’पर्यंत, मराठीतील अशा देशी शब्दांचा साठा कोशकारांनी आस्थेने जपला. या साठ्यात दुखण्याचे रूप सांगणारे शब्द भरपूर आहेत. नेमके काय दुखावले हे सांगणारे मात्र कमी.

सांधा आणि संधी

‘सांधा’ हा शब्द संस्कृत ‘संधि’पासून आला, सम् म्हणजे एकत्र आणि धा म्हणजे ठेवणे. या एका शब्दाने किती कामे केली ते पाहण्यासारखे आहे. दोन अक्षरे जुळतात तो व्याकरणातील संधी. दोन राजे जुळवून घेतात तो राजकारणातील संधी. प्राचीन ताम्रपटांत व शिलालेखांत ‘सांधिविग्रहिक’ नावाचा अधिकारी येतो, तो तह आणि युद्ध यांचा मंत्री. समुद्रगुप्ताची प्रयाग येथील प्रशस्ती रचणारा हरिषेण याच पदावर होता. रेल्वे आली तेव्हा रूळ बदलणाऱ्या जागेला मराठीने ‘सांधा’ म्हटले आणि तेथे उभ्या राहणाऱ्या कामगाराला ‘सांधेवाला’. घोट्यापासून रुळापर्यंत अर्थ एकच आहे: जेथे दोन गोष्टी मिळतात आणि तरीही हलू शकतात ती जागा. धोका असतो तोही तेथेच.

सुश्रुतसंहितेत शरीरातील सांधे दोनशे दहा मोजले आहेत आणि त्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘उलूखल’ म्हणजे उखळ. काख आणि जांघ येथील सांधे या प्रकारात मोडतात, आणि शाळेच्या पुस्तकातील ‘उखळीचा सांधा’ हीच उपमा आजही वापरतो. घोटा, गुडघा, कोपर, मनगट हे ‘कोर’ प्रकारात येतात. आज ज्याला बिजागिरीचा सांधा म्हणतात त्याच्या जवळचा हा प्रकार. भग्नाच्या म्हणजे मोडण्याच्या प्रकरणात सुश्रुताने आधीच दोन वाटा केल्या आहेत. हाड मोडले तर ‘कांडभग्न’, त्याचे बारा प्रकार. सांधा सुटला तर ‘संधिमुक्त’, त्याचे सहा. या सहांपैकी ‘विश्लिष्ट’ प्रकारात सूज थोडी असते, वेदना मात्र सतत राहते.

पाय वाकडा पडून घोटा दुखावतो त्या विकाराला तर याच ग्रंथाने स्वतंत्र नाव दिले आहे: ‘वातकंटक’. पाऊल विषम पडल्याने घोट्याच्या आश्रयाने उठणारी पीडा, अशी त्याची व्याख्या आहे. कंटक म्हणजे काटा. पाऊल टेकवताच जी कळ उठते तिला काट्याशिवाय दुसरी उपमा सुचणे कठीणच होते. शिवाय घोटा म्हणजे ‘गुल्फ’ हे मर्मस्थान मानले गेले. तेथे इजा झाली तर पाय आखडतो किंवा माणूस लंगडतो, असा इशारा दिलेला आहे.

स्नायूचे स्थलांतर

येथवरची कथा आनंदाची आहे. पुढची थोडी चुटपूट लावणारी.

सुश्रुताने सांध्यांचे वर्णन करताना एक दृष्टांत दिला आहे. फळ्यांची नाव अनेक दोऱ्यांनी घट्ट बांधली तरच ती माणसांसह पाण्यावर भार वाहू शकते. त्याचप्रमाणे शरीरातील सांधे अनेक ‘स्नायूं’नी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सहन करू शकतो. हे स्नायू नऊशे आहेत, असे तेथे म्हटले आहे. मांसाच्या घटकांना तेथे वेगळा शब्द आहे, ‘पेशी’, आणि त्यांची संख्या पाचशे. म्हणजे सुश्रुताचा स्नायू म्हणजे आजच्या मराठीतला स्नायू नव्हे. तो दोरी आहे, बंधन आहे. आजचे वैद्यक ज्यांना लिगामेंट आणि टेंडन म्हणते, त्यांच्या तो निकट आहे. इतकेच नव्हे, तर हाड, पेशी, शिरा किंवा सांधा यांपेक्षाही स्नायूची इजा माणसाला अधिक घातक ठरते, असेही तेथे बजावले आहे.

पुढे हा शब्द घर सोडून निघाला. मराठीत आणि गुजरातीत त्याने मांसाच्या घटकाचे घर गाठले. आपण स्नायू बळकट करतो, ते आखडतात, खेळाडूचा मांडीचा स्नायू दुखावतो, ते सारे मांसच. बंगालीत तोच शब्द मज्जातंतूंसाठी वापरला जातो. ‘पेशी’ही मराठीत जागेवर राहिली नाही; सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जीवघटकाचे नाव ती झाली.

हे स्थलांतर आपल्याकडेच घडले असे नाही. स्नायूचे वैदिक भावंड ‘स्नावन्’ आणि ग्रीक ‘न्यूरॉन’ हे एकाच प्राचीन मुळाचे शब्द आहेत. ग्रीकांचा न्यूरॉनही आरंभी धनुष्याची दोरी किंवा शरीरातील बंध असाच होता. नंतर त्याचा अर्थ मज्जातंतू झाला आणि आता मेंदूविज्ञानात तो मेंदूतील पेशीचे नाव आहे. मृत शरीरात पांढरट दोऱ्या पाहणाऱ्या प्राचीन अभ्यासकांना बंध कोणता आणि मज्जातंतू कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे सोपे नव्हते, एवढे मात्र त्यावरून कळते.

फरक असा की युरोपीय भाषांनी न्यूरॉन हलल्यावर त्या रिकाम्या जागी बांधणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून झालेला ‘लिगामेंट’ आणून बसवला. मराठीने पाठ्यपुस्तकात ‘अस्थिबंध’ आणि ‘स्नायुरज्जू’ हे शब्द घडवले. शब्द चांगले आहेत, अर्थ नेमका आहे, पण ते वहीतून ओट्यावर आले नाहीत. बोलण्यात दोनच गोष्टी उरल्या: हाड आणि मांस. हाड मोडले नसेल तर मांस दुखावले असेल, आणि मांस दुखावले असेल तर ते चोळले की मोकळे होईल. तेलाची वाटी गरम होते ती या तर्काने.

शब्द चुकला की हात चुकतो

मुरगळलेल्या घोट्यात बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. डॉक्टर त्याच्या तीन पायऱ्या मानतात: नुसता ताण, अर्धवट फाटणे आणि पूर्ण तुटणे. मांसाच्या किंवा स्नायुरज्जूच्या ताणाला इंग्रजीत ‘स्ट्रेन’ हा वेगळा शब्द आहे, अस्थिबंधाच्या इजेला ‘स्प्रेन’. मराठीत दोन्हींना लचक म्हणतात. फाटलेली दोरी चोळून सांधली जात नाही. ताज्या दुखापतीवर जोरकस मालिश केली तर आतला रक्तस्राव व सूज वाढते. कोपराच्या दुखापतीनंतर चोळण्याने तर भलत्याच जागी, मांसात हाड तयार होऊन कोपर आखडतो, हे अस्थिरोगतज्ज्ञांना चांगलेच ठाऊक आहे.

दुसरी चूक याहून मोठी. ‘मुरगळला आहे’ हे वाक्य मोडल्याची शक्यता नाकारणारे म्हणून वापरले जाते. वास्तविक मुरगळणे ही घटना आहे, निदान नव्हे. पाय मुरगळला हे खरेच. मुरगळल्याने बंध ताणला, बंध तुटला की हाडाचा टवका उडाला, हे त्या शब्दात नाही. लहान मुलांबाबत तर अधिक सावध राहावे लागते. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा थर असतो आणि तो अस्थिबंधापेक्षा नाजूक असतो. मोठ्या माणसाची जेथे लचक निघते, तेथे मुलाचा हा थर दुखावलेला असू शकतो.

हा भेद ओळखण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली साधी कसोटी मांडली. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या टोकाशी किंवा मागच्या कडेला हाडावर दाबल्यास दुखत असेल, किंवा इजा झाल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर घोट्याचे क्ष-किरण चित्र काढावे. पावलाच्या मध्यभागासाठीही अशीच ठरावीक ठिकाणे सांगितलेली आहेत. नुसती सूज किती आली यावरून निर्णय होत नाही. ही कसोटी डॉक्टरांच्या हातांसाठी आहे, पण चार पावलांची गोष्ट घरातल्यांनाही लक्षात ठेवता येण्याजोगी आहे.

उपचारांच्या शब्दांतही काळानुसार बदल झाला. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे चार शब्दांचे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली रूढ केले. पुढे २०१४ साली त्यांनीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते. आज साध्या लचकेत पहिले काही दिवस सांधा सांभाळून, नंतर सोसेल तेवढी हालचाल व तोल सावरण्याचे व्यायाम करण्यावर भर दिला जातो. व्यायाम टाळले तर तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

परंपरेकडे पाठ फिरवावी असा याचा अर्थ नव्हे. परंपरा नीट वाचली तर तीच सावध करते. भग्नचिकित्सेत सुश्रुताने ताणणे, दाबणे, जुळवणे आणि बांधणे असा क्रम सांगितला. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली व बांबू आधारपट्ट्यांसाठी सुचवले. आणि बंधन थंड ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावे, असेही लिहिले. सर्वांत मोलाचा इशारा बंधनाच्या ताणाविषयी आहे. सैल बांधले तर सांधा स्थिर राहत नाही. फार आवळले तर सूज, वेदना आणि पाक होतो. आवळून बांधलेल्या बांबूच्या पट्ट्यांमुळे बोटे काळी पडलेल्या अवस्थेत रुग्ण आजही इस्पितळात येतात. त्यांना बांधणारा हाडवैद्य परंपरेचे नाव सांगतो. ज्या ग्रंथातून ती परंपरा आली, त्याने ही चूक फार पूर्वीच नोंदवून ठेवली आहे.

आंबेहळदीचा लेप, आजीची काळजी, ‘मुका मार’सारखा बोलका शब्द यांना मराठी घरात जागा राहील आणि राहावीही. पण त्यांच्या शेजारी आणखी एका शब्दासाठी पाट मांडायला हवा. ‘अस्थिबंध’ जड वाटत असेल तर नुसते ‘बंध’ म्हणता येईल. घोट्याचा बंध ताणला, गुडघ्याचा बंध तुटला, ही वाक्ये मराठीला परकी वाटत नाहीत. नावेच्या फळ्या बांधणारी दोरी डोळ्यांपुढे आली की ती चोळण्याचा मोह आपोआप कमी होईल. मग सैल फरशीवर कुणी बसलेला दिसला, तर जमलेल्या चौघांपैकी एखादा तरी विचारील, ‘चार पावलं टाकता येतात का?’ आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर तेलाच्या वाटीआधी रिक्षा बोलावली जाईल.